हिरवा पडणारा तलाव: मोरचूद का टाकू नये, आणि मग करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावालगत पंचवीस एकरांचा जुना तलाव आहे आणि पाणीपुरवठ्याची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) त्यातच आहे. दरवर्षी फेब्रुवारी सरला की पाणी हिरवं पडायला लागतं. एप्रिल-मेमध्ये काठाला रंगाचा डबा ओतल्यासारखी जाड हिरवी साय जमते आणि वास सुटतो. पंचायत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकते, आठ-दहा दिवस पाणी निवळतं, पुन्हा तेच. मधल्या काळात नाला चालू असतानाच गाळ काढून काठावर रचून झाला, जलपर्णी काढून झाली, कारंजी बसवून झाली. आता कोणीतरी जिवाणूंचं औषध विकायला आलं आहे. हे पाणी विषारी आहे का, आणि कायमचा उपाय कोणता?

सुरुवात मोरचुदापासून करतो, कारण ते आज थांबवता येतं आणि आजच थांबवायला हवं. जे पाणी लोक पितात आणि ज्यावर साय धरलेली आहे, त्यात मोरचूद टाकू नका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही थेट तलावात टाकू नका. हिरवा रंग त्यानं जातो, हे खरं आहे. पण या सजीवांचं विष बहुतांशी त्यांच्या पेशीच्या आत असतं आणि मोरचुदानं पेशी फुटली की ते पाण्यात मोकळं होतं. साय होती तोवर धोका निदान डोळ्यांना दिसत होता. मोरचुदानंतरचं पाणी नितळ दिसतं, लोक निर्धास्तपणे ते भरतात, आणि त्यात विरघळलेलं विष तुरटीनं खाली बसत नाही की वाळूच्या गाळणीत अडकत नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाम नावाचं बेट आहे. तिथे मूळनिवासी लोकांची वस्ती आहे आणि त्या काळी पिण्याचं पाणी सॉलोमन धरणातून यायचं. १९७९ साली पाण्याला वास आणि चव येते अशी तक्रार झाली, म्हणून धरणात मोरचूद टाकण्यात आलं. आठवड्याच्या आत मुलं आजारी पडू लागली. आधी उलट्या आणि सुजलेलं यकृत, मग मूत्रपिंडावर परिणाम, रक्ताची हगवण. एकूण १४८ जण आजारी पडले, त्यांत १३८ मुलं होती. सगळे वाचले, पण अनेकांना सलाईनवर ठेवावं लागलं. ज्या घरांना दुसरीकडून पाणी मिळत होतं तिथे कोणी आजारी पडलं नाही. त्या धरणात सिलिंड्रोस्पर्मोप्सिस नावाचा नीलहरित प्रकार सापडला आणि पुढे त्याच्यापासून वेगळ्या केलेल्या विषाला त्याच्यावरूनच सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे नाव मिळालं. यात आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे: हा प्रकार पृष्ठभागावर साय धरत नाही, पाण्यात विखुरलेला राहतो, आणि त्याचं विष पेशी धडधाकट असतानाही बऱ्यापैकी बाहेर झिरपतं. म्हणजे साय नाही म्हणून पाणी सुरक्षित, असंही समजून चालत नाही.

आता हे सजीव कोण? गावात आपण शेवाळच म्हणतो, पण हे जिवाणू आहेत, उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणारे. सायनोबॅक्टेरिया किंवा नीलहरित शैवाल म्हणून पुस्तकात सापडतील. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन प्रथम यांनीच भरला, दोनशे कोटी वर्षांहूनही आधी. भातखाचरात नत्रासाठी सोडतात ते याच कुळातले, स्पिरुलिनाच्या गोळ्याही यातल्याच. म्हणून सगळ्या कुळाला विषारी म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या भागातल्या तलावांत आणि धरणांत उन्हाळ्यातल्या सायीत सर्वाधिक भेटतो तो मायक्रोसिस्टिस, आणि त्याच्याबाबत सावध राहायलाच हवं.

तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत तीन-चतुर्थांश पाणी भरा आणि रात्रभर न हलवता सावलीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर आलेला असेल आणि खालचं पाणी बरंचसं स्वच्छ असेल, तर तरंगणारे सायनोबॅक्टेरिया आहेत असं समजा. हिरवळ तळाला बसली असेल तर बहुधा साधं हिरवं शैवाल. बरणी उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं तर मायक्रोसिस्टिसचे वेडेवाकडे बारीक कण वेगवेगळे दिसतात. प्रत्येक कण म्हणजे शेकडो-हजारो पेशी चिकट आवरणात एकत्र राहिलेल्या. काडी बुडवून वर काढल्यावर लांब धाग्यांचा झुपका लोंबला, तर ते तंतुमय शैवाल. दिसायला वाईट, पण हा धोका त्याचा नाही. बारीक पानं आणि खाली मूळ दिसलं तर ते टिकलीएवढं पाणवनस्पतीचं रोप. सकाळी हिरवा असलेला तवंग भर उन्हात विटकरी-लाल झाला तर बहुधा युग्लिना. आणि सर्वांत खात्रीची खूण काठावरच्या दगडांवर मिळते. साय वाळून मरते तेव्हा तिच्यातलं निळं रंगद्रव्य बाहेर येतं आणि दगडावर आकाशी-निळे ओघळ उमटतात. ते दिसले की त्या काठाला गुरं आणि मुलं फिरकू देऊ नका.

बरणीत जे रात्रभरात घडलं तेच तलावात घडतं आणि हे सजीव इतरांवर मात का करतात याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत प्रथिनाच्या भिंतीच्या, आतून पोकळ अशा अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांत फक्त वायू शिरतो, पाणी नाही. या नळ्यांमुळे पेशी पाण्याहून हलकी होते. दिवसा उन्हात पेशी साखर आणि पिष्टासारखा साठा करते, त्या वजनानं जड होते आणि खाली उतरते. खाली अंधारात, गाळाजवळ जास्त पोषकद्रव्यं असलेल्या थरात ती तो साठा खर्च करते आणि रात्री पुन्हा हलकी होऊन वर येते. हजारो पेशींचा गोळा असल्यामुळे हा प्रवास झपाट्यानं होतो. सुटी एकच पेशी इतकी भराभर वर-खाली जाऊच शकली नसती. वारा पडलेल्या उन्हाळी रात्रीनंतर पहाटे सगळ्यात जाड साय का दिसते ते आता लक्षात येईल. त्या नळ्या दाबानं चुरडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासकांनी अशा पाण्यानं बाटली काठोकाठ भरली, घट्ट बूच बसवलं आणि बुचावर हातोडा मारला: तरंगणारे कण क्षणात तरंगायचे थांबले आणि बुडाले. (घरी करू नका, बाटली फुटते.)

शांत, कोमट पाणी त्यांना हवं असतं. डायटम (काचेसारखं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) आणि बरीचशी हिरवी शैवालं पाणी ढवळलं जात असेल तरच उजेडात टिकतात, नाहीतर बुडतात. पाणी स्थिर झालं की यांना वरची जागा मोकळी मिळते, आणि जाड साय धरून हे खालच्यांचा उजेडही तोडतात. २५ अंश सेल्सिअसच्या वर त्यांची वाढ जोर धरते आणि आपल्याकडे तर मार्च ते जून पाण्याच्या वरच्या थराचं तापमान तेवढं असतंच. त्यात भर म्हणजे दाट बहरात, म्हणजे पाणी हिरवंगार करणाऱ्या या वाढीत, पाण्यातला कार्बन डायऑक्साईड संपत येतो आणि सामू (पीएच) ९ ते १० वर जातो. इतर शैवालं तिथे थकतात. सायनोबॅक्टेरियाकडे मात्र बायकार्बोनेट ओढून घेऊन पेशीत कार्बन साठवायची यंत्रणा आहे, शिवाय वर तरंगत असल्यामुळे थेट हवेतून विरघळणारा वायूही आधी त्यांनाच मिळतो.

मग त्यांना खाणारं कोणी नाही का? आहे, पण कमी. तलावाची खरी गाळणी म्हणजे डॅफ्निया आणि तिच्यासारखे पाणपिसू. एकेकटी हिरवी पेशी त्या सहज गाळून खातात. मायक्रोसिस्टिसचा चिकट गोळा त्यांच्या तोंडात मावत नाही, गाळणी तुंबते आणि पोषणही धड मिळत नाही. त्यात आपण तलावात कटला सोडतो. कटल्याचं मुख्य खाणं हेच पाणपिसू आणि त्यांचे भाईबंद. कॉमन कार्प तळ उकरून गाळ वर आणतो. मत्स्यव्यवसाय बंद करा असं मी म्हणणार नाही, त्यावर कुटुंबं चालतात. पण पिण्याच्या तलावात कोणता मासा किती सोडायचा, हा पाण्याच्या गुणवत्तेचाही निर्णय आहे. चिलापी (तिलापिया मासा) मायक्रोसिस्टिस खाते आणि पचवतेही, तिच्या जठरातलं आम्ल तेवढं तीव्र असतं. पण खाल्लेल्यातला बराचसा फॉस्फरस विष्ठेतून त्याच पाण्यात परत येतो. चिलापी सोडून तलाव निवळेल या आशेवर राहू नका.

विषारी आहे का, याचं सरळ उत्तर: डोळ्यांनी सांगता येत नाही. एकाच सायीत विष बनवण्याची जनुकं असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे मायक्रोसिस्टिस शेजारी-शेजारी असतात. त्यांचं प्रमाण आठवड्या-आठवड्याला बदलतं. वासावरून तर मुळीच ठरवू नका. मातकट वास देणारं जिओस्मिन विषारी नाही आणि विषाला वास नाही. मायक्रोसिस्टिसचं मुख्य विष मायक्रोसिस्टिन, ते यकृतावर हल्ला करतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आयुष्यभरासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, थोड्या दिवसांसाठी १२, आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४. आपल्या नेहमीच्या पाणी तपासणी अहवालात सामू, क्षार, नायट्रेट, कोलिफॉर्म येतात. मायक्रोसिस्टिन वेगळं सांगून, जी प्रयोगशाळा करते तिथेच करून घ्यावं लागतं. तोवर सायीचं पाणी विषारीच आहे असं धरून वागा. वाऱ्यानं साय एका काठाला लोटली जाते तेव्हा तिथलं प्रमाण तलावाच्या मध्यापेक्षा शेकडो-हजारो पट असू शकतं. गुरं नेमकी त्याच काठावर पाणी पितात. मध्यावरचा नमुना पाठवून ‘पाणी चांगलं आहे’ असा अहवाल आणला आणि काठावर म्हैस दगावली, हे त्यामुळेच शक्य होतं.

गावात किंवा तालुक्याला डायलिसिस केंद्र असेल आणि त्याला याच योजनेचं पाणी जात असेल, तर बहर आल्याच्या दिवशीच त्यांना कळवा. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६च्या फेब्रुवारीत एका डायलिसिस केंद्रात पुरेसं शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. १३१ पैकी ११६ रुग्णांना त्रास झाला आणि त्या वर्षअखेरपर्यंतचे ५२ मृत्यू या विषामुळे झाल्याचं नोंदवलं गेलं. डायलिसिसमध्ये पाणी पोटातून जात नाही, त्यातलं विष सरळ रक्तात उतरतं.

पिण्याच्या पाण्याबद्दल आता नेमकं काय करायचं ते सांगतो. ध्येय एकच: पेशी न फोडता, अख्ख्याच्या अख्ख्या बाहेर काढायच्या. जॅकवेलला वेगवेगळ्या उंचीच्या झडपा असतील तर सर्वांत वरची बंद ठेवा, पण अगदी तळाचीही उघडू नका, तिथलं ऑक्सिजन नसलेलं पाणी लोह आणि मँगनीज घेऊन येतं. मधल्या थरातून उचला. वारा पडलेला असतो त्या पहाटेच्या वेळी साय वर असते, म्हणून खोलवरून उपसायला ती वेळ चांगली. दुपारी वाऱ्यानं सगळं एकजीव होतं. झडपेभोवती पाण्यात मीटरभर उतरलेला तरंगता पडदा लावला तर सायीचा बराच भाग अडतो.

शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन आधी द्यायची सवय असते, ती बहराच्या काळात मोडा. आधी तुरटी, मग निवळण, मग गाळणी, आणि क्लोरिन सगळ्यात शेवटी. बहराच्या पाण्याचा सामू चढलेला असतो, म्हणून तुरटीचा नेहमीचा डोस चालत नाही. रोज चंचुपात्रांत वेगवेगळे डोस घालून तपासा. निवळण टाकीतला चिखल साठू देऊ नका, त्यातल्या पेशी काही दिवसांत मरून विष सोडतात. गाळणी धुतलेलं पाणी पुन्हा मुखाशी वळवू नका. शेवटी दिलेलं क्लोरिन मायक्रोसिस्टिनचा बऱ्यापैकी नाश करतं, पण सामू ८च्या खाली असेल आणि पाणी क्लोरिनसोबत पुरेसा वेळ टाकीत राहिलं तरच. विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कोळशाची भुकटी उपयोगी पडते. हे सगळं जमत नसेल तर बहराचे दोन-तीन महिने चांगल्या विहिरीवर किंवा कूपनलिकेवर जा, तिचं नायट्रेट-फ्लोराईड तपासून.

उकळून हे विष जात नाही. पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण उलट वाढतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात २०१४च्या ऑगस्टमध्ये शुद्ध केलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन मर्यादेबाहेर गेलं तेव्हा सुमारे चार लाख लोकांना ‘पिऊ नका, उकळूही नका’ असं सांगावं लागलं. घरातला साधा कँडल फिल्टर किंवा नुसता यूव्हीचा दिवा यावर चालत नाही.

इथपर्यंत झाला तातडीचा भाग. आता बहर येतोच का, याकडे येतो, आणि इथे सगळा हिशेब फॉस्फरसचा आहे.

वाळलेल्या शैवालाच्या वजनात फॉस्फरस साधारण १ टक्का असतो. म्हणजे १ किलो फॉस्फरसवर १०० किलो कोरडं शैवाल उभं राहतं. ओलं तर त्याच्या कितीतरी पट. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात मूलद्रव्य म्हणून जवळपास १० किलो फॉस्फरस असतो. तुमचा तलाव पंचवीस एकरांचा, सरासरी खोली ३ मीटर धरली तर पाणी ३० कोटी लिटर. एका पोत्यातला फॉस्फरस त्यात पूर्ण विरघळला तर लिटरमागे ३३ मायक्रोग्रॅम होतो. तलाव बहराच्या वाटेला लागायला एवढं प्रमाण पुरतं. शेतात टाकलेलं खत बरंचसं मातीत धरलं जातं, सगळं वाहून येत नाही, हे खरं. पण सांडपाण्याचं तसं नाही. माणशी रोज दीड ग्रॅम फॉस्फरस धरा, मलमूत्र आणि साबण-पावडर मिळून. दोन हजार वस्तीचा रोजचा ३ किलो. गावाचा नाला आणि शौचालयांच्या टाक्यांचं वाहतं पाणी तलावात येत असेल, तर दर साडेतीन दिवसांनी डीएपीचं एक पोतं तलावात रिकामं होतंय असं समजा, वर्षभर. हा आकडा मी ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवतो, कारण ‘आमच्या नाल्यात असतं काय, नुसतं घरचं पाणी’ हे वाक्य त्यानंतर पुन्हा ऐकू येत नाही.

शहरांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात येतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभं राहिलं म्हणजे प्रश्न संपला असं लोकांना वाटतं. पण नेहमीच्या पद्धतीचं केंद्र सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेलं असतं. फॉस्फरस त्यातून थोडाच कमी होतो. तो काढायला वेगळी जैविक टाकी लागते किंवा तुरटी अथवा लोहाचे क्षार घालावे लागतात. निविदेत ही अट आहे का, हे नागरिकांनी विचारायला हवं.

‘नत्राचं काय?’ असंही विचारलं जातं. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २२७ क्रमांकाच्या तलावात १९६९पासून खत घालत आले. १९९०पासून नत्र पूर्ण थांबवलं, फॉस्फरस चालू ठेवला. तलाव हिरवाच राहिला, कारण हवेतलं नत्र धरणारे सायनोबॅक्टेरिया पुढे आले. शेजारच्या २२६ क्रमांकाच्या तलावाचे पडद्यानं दोन भाग करून एका भागात कार्बन आणि नत्र, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस घातला. दुसरा भागच हिरवागार झाला. तिथले शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या या कामानं पुढे कपड्यांच्या साबणातल्या फॉस्फेटवर बंधनं आणायला मोठं बळ मिळालं. तरी नत्र बिनमहत्त्वाचं आहे असं मी म्हणणार नाही. मायक्रोसिस्टिस हवेतलं नत्र धरू शकत नाही आणि मायक्रोसिस्टिनच्या रेणूत नत्र भरपूर असतं. चीनच्या ताईहू सरोवरात, जिथे २००७ साली मायक्रोसिस्टिसच्या बहरामुळे वूशी शहरातल्या सुमारे २० लाख लोकांचं नळाचं पाणी बंद पडलं, उन्हाळ्यात नत्रही कमी पडतं आणि दोन्ही कमी केल्याशिवाय भागत नाही असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. गावाच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे: नाला बाहेर वळवला की दोन्ही एकदम कमी होतात.

मग नाला वळवला की दुसऱ्या वर्षी पाणी निळं होईल का? खोल तलावात लवकर होऊ शकतं. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमधलं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात बाहेर वळवलं आणि दहाएक वर्षांत पाणी निवळलं. ते सरोवर खोल आहे आणि त्याचं पाणी काही वर्षांतच पूर्ण बदलतं. आपले तलाव उथळ. त्यांच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस लोहाला चिकटून बसलेला असतो. रात्री तळाचा ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटतो. बहरानं सामू चढवला तरी तो सुटतो. म्हणजे बहर स्वतःच स्वतःचं खत गाळातून ओढून घेतो. उथळ तलावांना बाहेरचा पुरवठा थांबल्यावरही सावरायला दहा-पंधरा वर्षं लागणं नेहमीचं आहे.

गाळ काढणं हा त्यावरचा योग्य उपाय आहे, फक्त योग्य क्रमानं. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावात पन्नासच्या दशकाअखेर सांडपाणी थांबवलं, तरी तलाव सुधारेना. मग १९७० आणि १९७१ मध्ये दरवर्षी अर्धा मीटर असा वरचा गाळ शोषून काढला आणि पाणी खरोखर बदललं. तुमच्याकडे गाळ काढताना नाला चालूच होता आणि गाळ काठावर रचला होता. पहिल्या पावसात तो आत गेला. गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात नेतात, ते इथेही करा, कारण त्यातला फॉस्फरस पिकाला उपयोगी आहे. कारखान्याचं पाणी येत असेल तर मात्र आधी गाळातले जड धातू तपासा.

जलपर्णीचंही असंच. जलपर्णी पाण्यातली पोषकद्रव्यं ओढते आणि उजेड अडवते. पोषकद्रव्यांचा पुरवठा तसाच ठेवून ती एकदम काढली की उजेड मोकळा होतो आणि तिची जागा मायक्रोसिस्टिस घेतो. काढलीच तर टप्प्याटप्प्यानं काढा आणि तलावाच्या पाणलोटाबाहेर नेऊन कुजवा. काठावर कुजली तर सगळं परत आत. काठाचं पाणकणीस आणि पाण्याखालच्या वनस्पती मात्र सुशोभीकरणाच्या नावाखाली उपटू नका, दगडी भिंत बांधून काठ बंद करू नका. त्या वनस्पती गाळ धरून ठेवतात आणि पाणपिसवांना दिवसा लपायला जागा देतात. कितीतरी तलावांचा काठ असा चकचकीत करून आपण त्यांची उरलीसुरली ताकद काढून घेतली आहे, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

कारंज्यांनी माशांना थोडा प्राणवायू मिळतो, एवढंच. पाणी ढवळून मायक्रोसिस्टिसला हरवता येतं, पण त्यासाठी तो उजेडाबाहेर खोल नेला गेला पाहिजे. ॲमस्टरडॅमच्या न्यूवे मेर या सुमारे ३० मीटर खोल तलावात १९९३ साली तळाशी हवा सोडून संपूर्ण तलाव ढवळत ठेवला, तेव्हा मायक्रोसिस्टिस मागे पडून डायटम आणि हिरवी शैवालं वर आली. तीन मीटरच्या तलावात ढवळून त्याला अंधारात नेणार कुठे? उलट गाळ मात्र वर येतो.

जिवाणूंच्या औषधाबद्दल: विक्रेत्याला एवढंच विचारा की फॉस्फरस तलावाबाहेर कसा जाणार. जिवाणू तो खातील, मरतील आणि परत पाण्यात सोडतील. लँथेनम मिसळलेली माती किंवा तुरटीचा हिशेबी थर गाळावर दिला तर फॉस्फरस खरोखर बांधला जातो, पण ते नाला बंद झाल्यानंतरचं काम आहे, नाहीतर दोन वर्षांत नवा गाळ त्याच्यावर बसतो.

शेताच्या बाजूनं एरी सरोवराचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७२च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यातला फॉस्फरस कमी झाला आणि सरोवर सावरलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बहर परत आले, २०११ आणि २०१५चे तर प्रचंड. एकूण फॉस्फरस तितका वाढला नव्हता. मॉमी नदीतून येणारा विरघळलेला, शैवालाला तत्काळ मिळणारा भाग वाढला होता. मातीवर पसरून टाकलेलं खत वरच्याच थरात साठत गेलं आणि पावसात शेताखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून थेट नदीत उतरलं. आपल्याकडे धडा तोच: उसाला आणि भाजीला फॉस्फरसचं खत माती परीक्षणाशिवाय देऊ नका, पेरून किंवा मातीआड द्या, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असताना वर पसरू नका.

या जूनपासून एवढं सुरू करा. तलावात येणारे सगळे नाले नकाशावर मांडा. प्रत्येकाचा पहिल्या मोठ्या पावसातला एक आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसाचा एक नमुना घ्या, एकूण आणि विरघळलेला असे दोन्ही फॉस्फरस मागा. विरघळलेल्यासाठीचा नमुना जागेवरच गाळून बर्फात ठेवावा लागतो. बादली आणि घड्याळ घेऊन नाल्याचा प्रवाह मोजा, कारण प्रवाहाशिवाय नुसत्या प्रमाणाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. सर्वांत जास्त किलो कुठून येतात ते कळलं की पहिला पैसा त्याच नाल्यावर घाला. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बरणी ठेवा आणि पांढरी थाळी दोरीनं सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते वहीत लिहा. ही वही दोन वर्षांची झाली की तुमच्या तलावाबद्दल माझ्यापेक्षा तुमचा पाणीपुरवठा कर्मचारी जास्त सांगू शकेल, आणि बहर कोणत्या आठवड्यात येणार याचा अंदाज घेऊन जॅकवेलची वरची झडप आधीच बंद करू शकेल.